एकाच जाजमावर : सासूबाईंसोबत घरगुती संक्रांत करायची आहे, कशी करावी?

कृष्णाकाठ (2 जानेवारी)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात विचारलं की फक्त वाणाच्या कल्पना मिळतात, आणि माझा प्रश्न वाणाचा नाही.

आम्ही सांगलीत राहतो. सासरे जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या गल्लीतला मोठा कार्यक्रम असायचा. शाळेतल्या बाई, भिशीतल्या मैत्रिणी, जुन्या विद्यार्थिनी, सगळ्या यायच्या. हलव्याचे दागिने त्या घरी करायच्या, कढईपाशी बसून तीन-तीन दिवस.

गेल्या संक्रांतीला शेजारून बोलावणं आलं. आलेल्या वहिनींनी दारात मला हळदकुंकू लावलं, मग आईंकडे बघून म्हणाल्या, "काकू, तब्येत बरी ना?" आणि करंडा मिटला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. आई हसून बोलल्याही. पण नंतर त्यांनी स्वतःचा चांदीचा करंडा घासूनपुसून माझ्या कपाटात आणून ठेवला, "आता हा तुझ्याकडेच असू दे" म्हणून. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चाललं आहे.

या वर्षी घरी बारा-चौदा बायकांचा छोटा कार्यक्रम करायचा आहे. सवाष्ण, विधवा, एकटी राहणारी, लग्न न झालेली, असा कुठलाच भेद त्यात नको. सगळ्या एका जाजमावर, सगळ्यांना तेच आणि तसंच. सत्कार नको, भाषण नको. आईंच्या वाट्याला कणव येईल असं तर काहीच नको.

तारीख कुठली धरावी, बोलावणं कसं करावं, हळदकुंकवाचा क्रम कसा ठेवावा, उखाणे असावेत का, हे सगळं तुमच्याशी बोलायचं आहे. कुणी असं घरी केलं असेल तर जरूर लिहा.

---

ओसरी (2 जानेवारी)

फार मनापासून आवडलं. आधी तारखेचं बघू, कारण यंदा दिवस कमी आहेत. 14 जानेवारीला बुधवारी संक्रांत आणि 25 ला रविवारी रथसप्तमी. गेल्या वर्षी रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, त्यामुळे आरामात तीन आठवडे मिळाले होते. यंदा पुरते दोनही नाहीत.

मधला रविवार 18 तारखेचा, पण त्या दिवशी अमावस्या आहे. तुम्ही मानत असाल-नसाल, ज्यांना आधीच यायला संकोच वाटणार आहे त्यांच्या हातात आयतं कारण देऊ नका. 25 ला प्रत्येकीच्या घरी रथसप्तमीचं दूध उतू घालायचं असतं, शिवाय दुसऱ्या दिवशी 26 जानेवारी, म्हणजे जोडून सुट्टी, लोक गावाला. राहिले शनिवार, 17 आणि 24. मी 24 घेतला असता. बोलावणं करायला वेळ मिळतो, आणि तोवर इतरांची हळदीकुंकवं उरकलेली असतात.

---

जुनी पानं (2 जानेवारी)

तुमच्या मथळ्यातलं 'एकाच जाजमावर' वाचून थांबलो. तुम्हाला ठाऊक असूनच लिहिलं असेल कदाचित, पण इतरांसाठी सांगतो.

जानेवारी 1852 मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे तिळगूळ समारंभ केला होता. पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी अध्यक्ष होत्या. बोलावण्यातच स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि कसलाही भेद न करता हळदकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. पावणेदोनशे वर्षं होत आली याला. म्हणजे तुम्ही करताय ते परंपरेला सोडून नाही. मराठी बायकांच्या संक्रांतीची हीसुद्धा एक परंपराच आहे, आणि चांगली जुनी आहे.

जातीचा भेद तेव्हा जाजमावरून काढायचा होता, वैधव्याचा अजून राहिलाच आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. पुण्याचं सेवासदन 1909 मध्ये उभं राहिलं ते रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं, आणि त्या तेव्हा स्वतः विधवा होत्या. बायकांनी शिकावं, कमवावं, संस्था चालवाव्यात, इथवर आपण पोचलो. करंड्यापाशी येऊन मात्र अडलो.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून हेरवाड तुम्हाला सांगायला नकोच. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. कोविडमध्ये ऐन उमेदीतली माणसं गेली होती, त्यांच्या तरुण बायकांचे हाल गावानं डोळ्यांनी पाहिले होते. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. कागदावर झालं ते चांगलंच झालं. पण ठराव कुणाच्या घरी बोलावणं घेऊन जात नाही. ते तुमच्यासारख्यांनीच करायचं.

---

तुळशीवृंदावन (3 जानेवारी)

मी सत्तरी ओलांडलेली आहे, आणि माझं मत थोडं वेगळं आहे. राग मानू नका.

हळदीकुंकू हे सौभाग्याचं व्रत आहे, आदिशक्तीची पूजा म्हणून सवाष्णीला मान द्यायचा. ते तसंच राहू द्यावं. विधवांचा अपमान व्हावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांना बोलवायचं तर निराळा तिळगुळाचा कार्यक्रम करा, गाणी म्हणा, खा-प्या. ज्या बायकांनी तीस-चाळीस वर्षं कुंकू लावलेलं नाही, त्यांच्या कपाळाला एकदम चारचौघींत बोट लावलंत तर त्यांना ते सोसेल का, याचा विचार केला आहे का? आमच्या पिढीत मनाला किती वळण लागलेलं असतं ते तुम्हा तरुणांना कळत नाही. तुमच्या सासूबाईंना हे हवं आहे, की तुम्हाला हवं आहे?

---

ओसरी (3 जानेवारी)

काकू, 'निराळा' म्हटलं की तिथंच गाडी अडते. आमच्या सोसायटीत तसं झालं होतं. सवाष्णींचं हळदीकुंकू संध्याकाळी दिवे लावून, आणि 'ज्येष्ठ महिलांचा तिळगूळ' दुपारी तीनला. बोलावलेल्या सगळ्या कोण, ते न सांगता सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षी त्यातली एकही आली नाही.

पण तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आईंना विचारलंय का?

---

निशिगंध (3 जानेवारी)

मी इथं सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझे मिस्टर 2021 मध्ये गेले. मुलगी तेव्हा सातवीत. मी नोकरी करते, टिकली लावते, आवडेल ते नेसते, घरच्यांनी कधी अडवलं नाही. आणि तरीही दर जानेवारीत माझ्या पोटात गोळा येतो.

न बोलावणाऱ्यांचं मला काही वाटेनासं झालं आहे. अवघड जातं ते प्रेमानं बोलावणाऱ्यांच्या घरी. मी ओळीत बसलेली असते. बाई एकीला लावते, दुसरीला लावते, माझ्यापाशी येते, आणि हात जरासा थबकतो. मग ती यजमानीणबाईंकडे बघते. मग माझ्याकडे बघून मोठ्ठं हसते आणि इतरांपेक्षा जरा जास्तच प्रेमानं कुंकू लावते. ते थबकणं आणि ते जास्तीचं हसू, दोन्ही नको असतं हो. मला शेजारणीला लावलं तसं, गप्पा मारता मारता, लक्ष दुसरीकडेच असताना लावलं तर मी घरी जाऊन शांत झोपेन.

म्हणून माझ्याकडून तीन गोष्टी सांगते.

ताट घेऊन फिरणारी बाई आधी ठरवा, आणि तिच्याशी आधी बोला. तिला सगळं माहीत असायला हवं, कोण कुंकू लावून घेणार, कोण नाही. जिला नको असेल तिच्यापाशी अत्तराची कुपी त्याच सहजतेनं पुढे झाली पाहिजे.

'हा कार्यक्रम खास तुमच्यासाठी' हे वाक्य कुणीही उच्चारू नये. फोटो काढून 'विधवांसोबत संक्रांत' असं कुणी स्टेटसला टाकू नये. माझा असा फोटो एका ताईंनी टाकला होता, शंभर जणींनी हात जोडले होते. मला तो फोटो काढून टाका म्हणायचीही लाज वाटली.

आणि तुळशीवृंदावन काकूंना सांगते, तुमचं म्हणणं मला कळतं. माझी आई तुमच्याच वयाची, तीही असंच म्हणते. पण सोसेल की नाही हे त्या बाईनं सांगावं, तिच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवू नये, एवढंच.

---

कृष्णाकाठ (5 जानेवारी)

निशिगंध, तुमचं लिहिणं मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग सरळच विचारलं. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "मला बसवून लावून घ्यायचं असेल तर मी बसणार नाही. मी यजमानीण असेन तर कर."

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी इतके दिवस त्यांना पाहुण्यांत धरत होते, त्यांच्याच घरात. त्यांना बोलवायचं आहे, दारात उभं राहायचं आहे, ताट त्यांच्या हातात हवं आहे. चाळीस वर्षं त्यांनीच तर ते धरलं होतं.

कुंकवाबद्दल म्हणाल्या, "मी स्वतः लावणार नाही, मला आता सवय राहिली नाही आणि त्यात मला दुःखही नाही. पण दुसरीला लावायला माझा हात चालतो." काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं अर्धं तुमच्यासारखं आणि अर्धं माझ्यासारखं आलं.

आणि त्यांनी स्वतः यादी केली. पहिलं नाव कुणाचं, तर समोरच्या घरातल्या आजींचं. त्या ऐन पंचविशीत विधवा झाल्या. आई म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या घरी हळदीकुंकू होत होतं आणि ती समोरच्या खिडकीत बसून बघायची. मी तिला एकदाही बोलावलं नाही. तेव्हा बोलवायचं असतं असं कुणाच्या मनातच यायचं नाही."

---

तुळशीवृंदावन (5 जानेवारी)

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या यजमानीण असतील तर माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडेही घरातली मोठी बाई म्हणेल तीच रीत.

एक सुचवते. गजरे आणाल ना, ते केसांत माळायला जाऊ नका, हातात द्या. पुष्कळजणींनी फूल माळणंही सोडलेलं असतं. हातात दिलं की जिला माळायचं ती माळेल, नाहीतर वास घेत बसेल.

---

कौलारू (6 जानेवारी)

मी मालवणचा, पुरुष आहे, पण आईच्या हळदीकुंकवाची सतरंजी घालण्याचं काम लहानपणी माझंच होतं, म्हणून बसण्याच्या व्यवस्थेवर बोलतो.

जाजम ही कल्पना सुंदर आहे, पण साठीपुढच्या बायकांचे गुडघे जाजमाला तयार नसतात. मग काय होतं, तरुण बायका खाली आणि म्हाताऱ्या भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. आणि तुमच्या यादीत म्हाताऱ्या कोण असणार? बहुतेक विधवाच. म्हणजे जाजम एक आणि प्रेक्षकांची ओळ दुसरी. जो भेद मोडायला निघालात तो गुडघ्यांच्या वाटेनं परत आत येईल.

सरळ सगळ्यांनाच खुर्च्या द्या, गोलात. चौदा खुर्च्या हॉलमध्ये मावत नसतील तर सोफा, दिवाण, पलंगाची कड असं सगळं एका उंचीला आणा आणि मधे जमिनीवर जाजम अंथरून त्यावर ताटं, सुगडं, तिळगुळाचे डबे मांडा. जाजम मधोमध, सगळ्या त्याच्या भोवती. दोन म्हाताऱ्या शेजारी-शेजारी नकोत, मधे एखादी कॉलेजातली पोर हवी. तिला ऐकायला मिळतं आणि त्यांना सांगायला.

---

भोगीची भाजी (6 जानेवारी)

वाचता वाचता एक प्रश्न मनात आला. तुमच्याकडे धुण्याभांड्याला ताई येत असतील. त्या जाजमावर आहेत का?

विचारण्याचं कारण असं की आमच्याकडे वर्षानुवर्षं ताईंना स्वयंपाकघरातच वाण दिलं जातं, 'जाता जाता घेऊन जा' म्हणून. सावित्रीबाईंचं जाजम म्हणत असू तर हे आधी बघावं लागेल. पण नुसतं 'तुम्ही पण या' म्हटलं की त्या येत नाहीत. त्यांच्या वेळा बघा. बहुतेकींची संध्याकाळची कामं चारला सुरू होतात, म्हणजे चारचा कार्यक्रम त्यांच्यासाठी नाहीच. आणि कार्यक्रम संपल्यावर कपबश्या कोण विसळणार तेही आधी ठरवा. पाहुणी म्हणून आलेली बाई शेवटी मोरीत उभी राहिली तर काय उपयोग?

---

कृष्णाकाठ (7 जानेवारी)

तुमचा प्रश्न आईंना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "ती तर असणारच," आणि मग आम्ही दोघी गप्प झालो, कारण आमच्याही घरी वाण स्वयंपाकघरातच दिलं जात होतं.

ताईंना विचारलं. त्यांची शेवटची कामं साडेपाचला आटोपतात. म्हणून कार्यक्रम सहा ते आठ. थंडीत म्हाताऱ्या बायकांना रात्री घरी सोडायला माझा नवरा आणि दीर गाडी घेऊन थांबतील, कपबश्याही तेच दोघं विसळतील. दोघांनी कबूल केलं आहे.

आता उखाण्यांचं सांगा. आमच्याकडे उखाण्याशिवाय हळदीकुंकू झालेलं नाही, पण या वेळी कसं करावं कळत नाही. वगळावेत का?

---

अबोली (7 जानेवारी)

वगळू नका! माझी आजी आजोबा गेल्यावर पंधरा वर्षं जगली आणि त्यांचं नाव घ्यायची संधी तिला कुणी दिली नाही. घरात त्यांच्याविषयी बोलणं म्हणजे श्राद्धाचं जेवण आणि भिंतीवरचा हार. शेवटी माझ्या डोहाळजेवणात कुणीतरी चुकून तिला म्हणालं, "आजी, उखाणा!" सगळ्या गप्प. आणि आजीनं एकदम खणखणीत आवाजात सात ओळींचा उखाणा घेतला, मधे धान्याचं नाव, नदीचं नाव, सगळं घालून. नंतर रडली, हो. पण त्या रडण्याचं कुणाला वाईट वाटू नये असं ते होतं.

नवरा गेला म्हणजे त्याचं नाव गेलं असं थोडंच असतं.

---

निशिगंध (7 जानेवारी)

अबोली, हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. मला माझ्या मुलीसमोर ते जमणार नाही, निदान अजून तरी. आणि काही जणींच्या नवऱ्यांची नावं न घेतलेलीच बरी, हेही लक्षात घ्या. दारू पिऊन मारणाऱ्याचं नाव कुणी उखाण्यात का घ्यावं? सवाष्णींनाही हे लागू आहे.

म्हणून नाव हवं त्याचं घेऊ द्या. आई, बहीण, शिक्षिका, मैत्रीण, लेक, नवरा, जो मनात असेल तो. नवऱ्याचं घेतलं तर कौतुक, नाही घेतलं तर चौकशी नाही.

---

कौलारू (8 जानेवारी)

आईसाठी एक रचून देतो, कुणाला हवा तर घ्या :

तव्यावर खरपूस भाजली तिळाची गूळपोळी,
आईचं नाव घेते, जिनं शिकवल्या चार ओळी.

---

अबोली (8 जानेवारी)

आणि मैत्रिणीसाठी माझा :

एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो,
___चं नाव घेते, जिच्यामुळे मी तगले.

यमक जरा सैल आहे, पण म्हणताना जमतं.

---

ओसरी (9 जानेवारी)

तुमचा प्रश्न वाणाचा नव्हता, तरी थोडं वाणावर, कारण सगळी तयारी नीट करून लोक इथं घसरतात. टिकल्यांची पाकिटं, बांगड्या, कुंकवाच्या डब्या, जोडव्याचे सेट नकोत. त्याच वेळी 'सगळ्यांना चालेल' म्हणून पूजेची पुस्तिका आणि जपमाळही नको, ते म्हणजे विधवेनं आता देवदेवच करावं असं सांगणं. रोज हाताला लागेल अशी वस्तू द्या. माझ्याकडे गेल्या वर्षी चहाची स्टीलची गाळणी दिली होती, अजूनही काही जणी सांगतात की रोज सकाळी आठवण येते.

आणि बोलावण्यात 'कृपया वाण आणू नये' हे लिहाच. ज्यांच्या घरी हळदीकुंकू होत नाही त्यांना परतफेडीचं ओझं वाटतं, आणि त्या ओझ्यापायी येणंच टाळतात.

---

भोगीची भाजी (9 जानेवारी)

खाण्याचं माझ्याकडून. फार पदार्थ करू नका, यजमानीण स्वयंपाकघरात अडकते. मटार उसळ आणि पाव किंवा मटार करंजी, सोबत गरम मसाला दूध. जानेवारीत मटार, गाजर, हरभरा सगळं कोवळं असतं, त्याचंच काहीतरी करा. मधुमेह असणाऱ्या तीन-चार तरी निघतील, त्यांच्यासाठी ओला हरभरा भाजून ठेवा.

तिळाचे लाडू चिकीच्या गुळाचे नकोत. पाक जरा पुढे गेला की दगड होतात, कवळ्या असणाऱ्या बायका हातात घेऊन बसतात आणि हळूच पर्समध्ये टाकतात. साध्या गुळाच्या मऊ वड्या करा.

---

कृष्णाकाठ (10 जानेवारी)

बोलावण्याचा मजकूर आईंनीच लिहिला. इथं देते, काही खटकलं तर सांगा :

"सप्रेम नमस्कार. शनिवार, दि. 24 जानेवारी रोजी संध्याकाळी सहा वाजता आमच्या घरी तिळगुळाला या. आपण सगळ्या आहोत. ज्यांना हळदकुंकू हवं त्यांना हळदकुंकू, सगळ्यांना अत्तर आणि फूल. उखाणा कुणाच्याही नावाचा चालेल. वाण आणू नये, वेळ घेऊन यावं. आपली," आणि खाली त्यांचं नाव.

माझं नाव घालू दिलं नाही.

---

जुनी पानं (10 जानेवारी)

एक शब्द बदलू नका. फक्त हा मजकूर नुसता व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका. ज्यांना आयुष्यभर बोलावणं आलेलं नाही त्या 'चुकून आला असेल' असंच समजतात. त्यांच्या घरी जायला हवं.

---

तुळशीवृंदावन (10 जानेवारी)

आणि जाताना सासूबाईंनी स्वतः जावं. सुनेला पाठवलं तर समोरच्या आजी येणार नाहीत. वयानं मोठी असलेली दारात आली की नाही म्हणवत नाही.

---

कृष्णाकाठ (27 जानेवारी)

कार्यक्रम झाला. बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आई प्रत्येकीच्या घरी जाऊन आल्या, समोरच्या आजींकडे दोनदा. पहिल्यांदा त्यांनी "बघू" म्हटलं, आईंना ते पुरेसं वाटलं नाही. शेजारच्या वहिनी आल्या. वरच्या मजल्यावरच्या एक काकू येणार नाहीत असं स्पष्ट म्हणाल्या, त्यांना हे पटत नाही. आईंनी त्यांच्या घरी तिळगूळ पाठवून दिला आणि विषय संपवला.

करंडा मी कपाटातून काढून दिला, त्यांनी तो दुसऱ्या दिवशी परत स्वतःच्या खोलीत नेला. दारात त्या स्वतः उभ्या होत्या. काळ्या रंगाची, बारीक काठाची इरकल नेसल्या होत्या. निशिगंध, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोणाला काय हवं ते आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे कुठेही हात थबकला नाही. हळदकुंकू आणि अत्तर एकाच ताटात होतं. आई गप्पा मारत होत्या आणि हात चालत होता. समोरच्या आजींनी हळद लावून घेतली, कुंकू नको म्हणाल्या. अत्तर मात्र दोन्ही मनगटांना मागून घेतलं.

कौलारू, खुर्च्यांचा गोल उत्तम जमला. माझी कॉलेजातली भाची आजींच्या शेजारी बसली होती, तिला त्यांनी सुगडात काय काय घालतात ते शिकवलं : गाजर, बोरं, उसाचे करवे, हरभरे, ओंबी, तिळगूळ. आजींनी स्वतः लग्नानंतर जेमतेम चारच संक्रांती सुगडं पूजली होती, पण सगळं पाठ होतं.

उखाण्यांत नवऱ्यांची नावं अर्ध्या जणींनीच घेतली. भांड्याच्या ताईंनी लेकीचं नाव घेतलं, ती यंदा नर्सिंगला लागली आहे. एकीनं तिच्या मुख्याध्यापिकेचं घेतलं. आईंनी आमच्या सासऱ्यांचं घेतलं. माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तो काही वेळ बाहेर आला नाही.

एक गोष्ट पुढच्या वेळी बदलणार. दोन तास कमी पडले. नऊ वाजले तरी कुणी उठेना, आणि ताईंना शेवटी घरी फोन करावा लागला. पुढच्या वर्षी पाचला सुरू करू आणि ताईंच्या त्या दिवशीच्या संध्याकाळच्या कामांना आधीच सुट्टी मागून ठेवू. त्या ज्या इतर घरी जातात, तिथं आई स्वतः फोन करणार आहेत.

---

निशिगंध (27 जानेवारी)

आईंना सांगा, पुढच्या वर्षी मी येणार. मिरजेत राहते मी, लांब नाही.

---

कृष्णाकाठ (28 जानेवारी)

सांगितलं. त्या म्हणाल्या, जानेवारीपर्यंत कशाला थांबायचं, चैत्रात आंबेडाळ आणि पन्हं करणार आहे, तेव्हाच ये म्हणावं, लेकीला घेऊन.

---

अबोली (28 जानेवारी)

त्या मऊ वड्यांचं प्रमाण द्याल का? माझ्या आईसाठी करायच्या आहेत.

---

कृष्णाकाठ (28 जानेवारी)

भाजलेल्या तिळाचं भरड कूट दोन वाट्या, दाण्याचं कूट एक वाटी, किसलेला साधा गूळ दीड वाटी, चमचाभर तूप, वेलची. तुपात गूळ मंद आचेवर वितळू द्या. बुडबुडे दिसायला लागले की लगेच गॅस बंद, पाक करायचा नाही. कूट घालून भराभर ढवळा, तूप लावलेल्या ताटात थापा, कोमट असतानाच वड्या पाडा. वरून थोडं सुकं खोबरं. आई म्हणतात तीळ खमंग भाजा, पण लाल होऊ देऊ नका, कडू लागतात.